श्रीखंडाच्या डब्यातले मायक्रोवर्म

फायटर किंवा गप्पी माशांची पिल्लं पहिल्या दोन आठवड्यांत दगावली की आपण पाण्याला दोष देतो. पुष्कळदा ती उपाशी मेलेली असतात. पुडीतलं खाद्य कितीही बारीक चुरलं तरी ते हलत नाही, आणि फायटरचं पिल्लू न हलणाऱ्या कणाकडे सहसा वळत नाही. त्याला तोंडात मावेल आणि वळवळेल असं काहीतरी लागतं. मायक्रोवर्म तसा असतो: लांबी 1 ते 2 मिमी, जाडी सुमारे 0.05 मिमी, म्हणजे बारीक केसाएवढी.

हा एक सूत्रकृमी. शास्त्रीय नाव पॅनाग्रेलस रेडिव्हिव्हस. मोकळा जगणारा आहे, माशाच्या किंवा माणसाच्या अंगात परजीवी म्हणून राहत नाही. युरोपात पूर्वी तो पुस्तकबांधणीच्या आंबलेल्या खळीत सापडे. खळ आंबलेली असे, ही गोष्ट इथे महत्त्वाची. कृमीची खरी गुजराण पिठावर वाढणाऱ्या यीस्टवर आणि जिवाणूंवर होते. डब्यात आपण वाढवायचं ते यीस्ट. ते नीट आंबत राहिलं की कृमींची काळजी करावी लागत नाही.

अर्धा किलो श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या, साबणाचा अंश राहणार नाही असा धुवा. चार मोठे चमचे साधे ओट्स गरम पाण्यात शिजवून घट्ट लापशी करा. मसाला ओट्स नकोत, त्यात मीठ असतं. लापशी पूर्ण गार होऊ द्या; घाईत कोमट लापशीवर कृमी टाकून ते मारणारे कमी नाहीत. डब्यात तिचा थर एक ते दीड सेंटिमीटरच हवा, कारण कृमी वरच्या हवेशीर थरातच राहतात. वर चिमूटभर बेकरीचं कोरडं यीस्ट भुरभुरवा आणि जुन्या कल्चरचा, म्हणजे कृमी आधीच वाढत असलेल्या लापशीचा, एक चमचा पसरा. हे विरजणच म्हणा ना. झाकणाला सुईने दहाएक भोकं पाडून आतून पातळ कापड चिकटवा, नाहीतर चिलटं आत शिरून अंडी घालतात. भोकं नसलेला डबा मात्र दोन-तीन दिवसांत गुदमरतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लापशीचा पृष्ठभाग उजेडात तिरका धरून पाहा, तो चुळबुळताना दिसेल. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, म्हणून संख्या झपाट्याने वाढते. आठवडाभरात कृमी डब्याच्या भिंतीवर चढून जाळी धरतात. तेवढेच बोटाने किंवा मऊ ब्रशने पुसून वाटीभर पाण्यात खळबळायचे आणि ड्रॉपरने टँकमध्ये सोडायचे. खालची लापशी खरवडू नका. ती टँकमध्ये कुजते, अमोनिया वाढतो, आणि ज्या पिल्लांसाठी खटाटोप केला तीच जातात.

कृमी पाण्यात तळाशी बसतात आणि काही तासांनी मरू लागतात. तळाला खडी असेल तर ते फटीत शिरतात, पिल्लांना मिळत नाहीत. त्यामुळे पिल्लांचा टँक उघड्या तळाचा ठेवावा आणि दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं घालावं. पोटं गोल, पांढुरकी दिसली की पुरे. एवढ्या एकाच अन्नावर मात्र फार काळ ठेवू नका; तोंड पुरेसं मोठं झालं की आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) नुकती फुटलेली पिल्लं सुरू करा.

डबा बिघडतोय हे नाकाला आधी कळतं. इडलीच्या पिठासारखा आंबूस वास ठीक. सडका किंवा डोळ्यांत झोंबणारा वास आला तर टाकून द्या. हिरवी बुरशी आली तर लापशी फार कोरडी होती किंवा विरजण कमी पडलं. वर तपकिरी पाणी साचलं तर कृमी भिंतीवर चढत नाहीत. अशा वेळी चमचाभर कोरडे ओट्स भुरभुरले की डबा आणखी थोडे दिवस चालतो. एरवी दोन-तीन आठवड्यांत थकतोच. म्हणून दर आठवड्याला एक नवा डबा लावायचा आणि नेहमी किमान दोन चालू ठेवायचे. एकाच डब्यावर विसंबणारा माणूस विरजण मागत फिरतो.

20 ते 28 अंश सेल्सिअस त्यांना मानवतं. विदर्भातल्या मे महिन्यात लापशी कृमी वाढण्याआधीच नासते. डबा पाण्याच्या माठाला टेकवून, ओल्या वाळूच्या परातीत ठेवला तर निभावतं.

तेही जमत नसेल तर व्हिनेगर ईल पाळा; तोही सूत्रकृमीच, पण व्हिनेगरमध्ये वाढणारा. सफरचंदाचं न गाळलेलं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात सफरचंदाच्या दोन फोडी आणि ईल असलेल्या जुन्या व्हिनेगरचं विरजण. सिंथेटिक व्हिनेगर चालत नाही, कारण ईलचं अन्न असलेले जिवाणू त्यात नसतात. वाढ महिनाभर घेते, पण मग बाटली महिनोन्‌महिने बिनतक्रार चालते. काढताना लांब मानेच्या बाटलीत मिश्रण मानेच्या तळापर्यंत भरा, वर फिल्टरचा कापूस घट्ट बसवा, त्यावर साधं पाणी ओता. हवेच्या ओढीने ईल रात्रभरात कापसातून वर येतात; सकाळी ते पाणी ड्रॉपरने घ्या. ते मायक्रोवर्मपेक्षा बारीक असतात, तळाशी न बसता पोहत राहतात आणि गोड्या पाण्यात कित्येक दिवस जगतात. फायटरच्या पिल्लांच्या पहिल्या चार दिवसांसाठी म्हणूनच ते जास्त सोयीचे.