लहान बॅटलशिप

लहान बॅटलशिप : बॅटलशिपच्या, म्हणजे आरमारातल्या सर्वांत जड युद्धनौकेच्या, तोलाच्या तोफा क्रूझरएवढ्या (क्रूझर म्हणजे मध्यम आकाराची, वेगवान युद्धनौका) किंवा त्याहूनही लहान जहाजावर बसवण्याचा प्रयत्न. तिजोरीत पैसा नाही, बंदरात पुरेशी मोठी गोदी नाही, किंवा तहाने हात बांधलेले आहेत, यांपैकी एखादी अडचण असल्याखेरीज कोणत्याही देशाने असे जहाज हौसेने बांधलेले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत स्पेन, स्वीडन, फिनलंड, सयाम (आजचा थायलंड) आणि जर्मनी यांनी हा खटाटोप आपापल्या परीने केला. त्यांत सर्वांत गाजली ती जर्मनीची डॉइचलांड वर्गातील तीन जहाजे. जर्मन त्यांना 'पांत्सरशिफ' म्हणजे नुसते चिलखती जहाज म्हणत. 'पॉकेट बॅटलशिप' हे टोपणनाव ब्रिटिश वृत्तपत्रांचे, आणि तेच टिकले.

जहाजाचा आराखडा म्हणजे वजनाचा जमाखर्च असतो. सांगाडा, इंजिने, इंधन, चिलखत आणि तोफा ही पाच मोठी खाती. एकात टन वाढला की दुसऱ्यातून तो काढावा लागतो. वेगाचे खाते सर्वांत उधळे. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे २० नॉटचे २५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) करायचे तर इंजिनांची ताकद जवळजवळ दुप्पट लागते. तोफांचा हिशेबही घनाचाच आहे. २०.३ सेंमी नळीचा ब्रिटिश गोळा ११६ किलोचा, २८ सेंमीचा जर्मन गोळा ३०० किलोचा आणि ३८ सेंमीचा सुमारे ८०० किलोचा. नळीचा व्यास दुप्पटही होत नाही तोवर गोळा जवळजवळ सातपट जड झालेला असतो, आणि त्याच्यामागे तोफ, तोफबुरूज, बुरुजाखालचा चिलखती दंडगोल, दारूगोळ्याचे कोठार असे सगळेच फुगत जाते.

कागदावर त्यामुळे मोठ्या व्यासाच्या थोड्या तोफा फायद्याच्या दिसतात. चार ३८ सेंमी तोफांची एक फैर ३,२०० किलोची, तर सहा २८ सेंमी तोफांची १,८०० किलोची. मात्र समुद्रावर नेम धरण्याची रीत निराळी आहे. पंधरा-वीस किलोमीटरवरच्या चालत्या जहाजावर एकच गोळा नेमका बसत नाही. एकावेळी काही गोळे सोडायचे, पाण्याचे फवारे लक्ष्याच्या अलीकडे पडले की पलीकडे ते पाहायचे, अंतर सुधारायचे आणि पुन्हा सोडायचे. काही फवारे अलीकडे, काही पलीकडे उठले की अंतर जुळले. एका फैरीत दोनच गोळे असतील तर दिसणारा फवारा चुकीच्या अंतराचा आहे की नुसत्या विखुरण्याचा, हे सांगता येत नाही. निदान चार, शक्यतो सहा ते आठ नळ्या हव्यात, असे तोफखान्याचे लोक म्हणत ते याच कारणाने. लहान बॅटलशिपचे दुखणे इथे आहे. तिचा गोळा क्वचितच कमी पडतो. कमी पडते ती नळ्यांची, बुरुजांची आणि नेमयंत्रणांची संख्या.

या वर्गातले सर्वांत प्रामाणिक उदाहरण स्पेनचे. १९०९ पासून फेरोलच्या गोदीत बांधलेली 'एस्पान्या' आणि तिच्या दोन बहिणी या जगातल्या सर्वांत लहान ड्रेडनॉट, म्हणजे सगळ्या मुख्य तोफा एकाच मोठ्या व्यासाच्या असलेल्या बॅटलशिप. वजन १६,००० टनांच्या आत, लांबी सुमारे १४० मीटर, पण तोफा पूर्ण आकाराच्या आठ, ३०.५ सेंमीच्या. स्पेनच्या गोद्या आणि स्पेनचा खजिना यांनी आकार ठरवून दिला होता. तोफा राखल्या म्हणून कपात चिलखतात आणि वेगात झाली : जहाजाच्या बाजूंवरचा चिलखती पट्टा सुमारे २० सेंमीचा आणि वेग १९.५ नॉट. जहाजे पुरी होईपर्यंत इतर नौदले ३४ आणि ३८ सेंमीच्या तोफांवर गेली होती, हा भाग वेगळा.

स्वीडनने १९११ मध्ये 'स्वेरिये' या किनारा-रक्षक जहाजाचा खर्च नको म्हणून काम थांबवले, तेव्हा लोकांनीच वर्गणी काढली आणि काही महिन्यांत दीड कोटी क्रोनरहून अधिक रक्कम उभी राहिली. सुमारे ७,००० टनांवर चार २८ सेंमी तोफा. हे जहाज खुल्या महासागरासाठी नव्हतेच; खडकाळ बेटांच्या आडोशाने शत्रूच्या क्रूझरांना धाक दाखवणे एवढेच त्याचे काम, म्हणून इंधनाचे खाते जवळजवळ मोकळे ठेवता आले. फिनलंडने याच मार्गाने आणखी खाली जाऊन सुमारे ३,९०० टनांत चार २५.४ सेंमी तोफा बसवल्या आणि वेग जेमतेम १५ नॉटवर आणला. त्या दोन जहाजांपैकी 'इल्मारिनेन' सप्टेंबर १९४१ मध्ये सुरुंगांवर जाऊन बुडाली; २७१ माणसे गेली. तिथे तोफांचा प्रश्नच आला नाही.

जर्मनीची अडचण पैशाची कमी आणि कायद्याची जास्त होती. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जुन्या सहा बॅटलशिप ठेवू दिल्या आणि त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या जहाजाला १०,००० टनांची मर्यादा घातली. इतरांना १९२२ च्या वॉशिंग्टन करारानुसार बॅटलशिपसाठी ३५,००० टन आणि क्रूझरसाठी १०,००० टन व २०.३ सेंमीची तोफ अशी हद्द होती. म्हणजे जर्मनांना क्रूझरचे वजन मिळाले, पण क्रूझरच्या तोफेची हद्द त्यांना लागू नव्हती. मित्रराष्ट्रांची अटकळ अशी की एवढ्या वजनात किनाऱ्याजवळ राहणारे मंद जहाजच बनेल. अटकळ चुकीची नव्हती. १९२३ च्या एका आराखड्यात खरोखरच चार ३८ सेंमी तोफा, जाड चिलखत आणि २२ नॉटचा वेग होता. त्याच्या जोडीला दुसरा आराखडा होता तो हलक्या तोफांच्या वेगवान क्रूझरचा. पुढची काही वर्षे कागद या दोन टोकांमध्ये फिरत राहिले. नौदलप्रमुख हान्स त्सेंकर यांच्या काळात निवड झाली ती मधल्या वाटेची : सहा २८ सेंमी तोफा, पातळ चिलखत, सुमारे २६ नॉट.

त्यामागचे गणित सुटसुटीत होते. जे जहाज हिला पकडू शकेल ते हिच्यापेक्षा दुबळे असावे, आणि जे हिच्यापेक्षा बलवान असेल ते हिला पकडू शकू नये. जगात या दोन्ही वाक्यांना अपवाद अशी जहाजे तेव्हा मोजकीच होती : ब्रिटनची 'हूड', 'रिनाउन', 'रिपल्स' आणि जपानची काँगो वर्गातील चार.

वजन वाचवण्यासाठी जर्मन अभियंत्यांनी जे केले ते मात्र खरोखर नवे होते. रिव्हेटऐवजी मोठ्या प्रमाणावर वेल्डिंग केले, त्यामुळे सांगाडा बराच हलका झाला. दोन-दोन नळ्यांचे तीन बुरूज न बसवता तीन-तीन नळ्यांचे दोनच बसवले. एक अख्खा बुरूज आणि त्याभोवतीचे चिलखत वाचले, पण एक गोळा नेमका लागला तर निम्मी ताकद जाणार हेही त्याच क्षणी ठरले. बाष्पकांच्या जागी एमएएन कंपनीची आठ डिझेल इंजिने आली. एवढ्या मोठ्या युद्धनौकेत हे प्रथमच घडत होते. डिझेल कमी पिणारे, म्हणून २० नॉटने सुमारे १०,००० सागरी मैलांचा पल्ला. मुंबईहून सुएझमार्गे लंडन गाठून निम्मी वाट परत यावे इतका. त्याची किंमत म्हणजे अखंड थरथर आणि गोंगाट.

चिलखताच्या खात्यात मग उरले ते फारच थोडे : 'डॉइचलांड'वर पट्टा ८० मिलिमीटरचा, शेवटच्या 'आडमिराल ग्राफ श्पे'वर १०० चा, बुरुजांची समोरची बाजू १४० ची. त्यातही एक चैन केलेली दिसतेच. आठ १५ सेंमी तोफा आणि आठ टॉर्पेडो नळ्या यांचा हट्ट कशासाठी, हे समजायला कठीण आहे. दुय्यम तोफांपैकी एका बाजूला चारच वळत, त्यांना धड संरक्षण नव्हते आणि त्यांच्यासाठी वेगळी माणसे, वेगळे कोठार लागे. एवढे वजन पट्ट्याला दिले असते तर पुढची कथा थोडी बदलली असती. आणि इतके करूनही १०,००० टनांची हद्द पाळली गेली नाहीच; पूर्ण भरलेली 'ग्राफ श्पे' सुमारे १६,००० टनांची होती.

पहिल्या जहाजावरून जर्मन राजकारण चांगलेच तापले. मे १९२८ च्या निवडणुकीत डाव्यांची घोषणा होती, मुलांना जेवण हवे, चिलखती क्रूझर नको. निवडणूक जिंकून सोशल डेमोक्रॅट हेर्मान म्युलर चॅन्सेलर झाले, आणि ऑगस्टमध्ये त्यांच्याच मंत्रिमंडळाने बांधणीला मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये पक्षाच्या आदेशामुळे म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना संसदेत आपल्याच निर्णयाविरुद्ध मत द्यावे लागले. तरी जहाज मंजूर झालेच. १९ मे १९३१ रोजी कील येथे जलावतरणाच्या वेळी चॅन्सेलर ब्रुनिंग यांचे भाषण चालू असतानाच 'डॉइचलांड' घसरगुंडीवरून आपली आपण पाण्यात निघून गेली. पाठोपाठ 'आडमिराल शेअर' १९३४ मध्ये आणि 'ग्राफ श्पे' जानेवारी १९३६ मध्ये सेवेत आल्या.

तोवर त्या गणितातली 'मोजकीच' वाढू लागली होती. फ्रान्सने १९३२ च्या अखेरीस 'डंकर्क' बांधायला घेतली : २६,५०० टन, आठ ३३ सेंमी तोफा, २९.५ नॉट. ती या जर्मन जहाजांच्या शिकारीसाठीच आखलेली होती. तिला उत्तर म्हणून इटलीने 'लित्तोरिओ', जर्मनीने 'शार्नहोर्स्ट' काढली, आणि लहान जहाजाची गोष्ट दहा वर्षांच्या आत पुन्हा मोठ्या जहाजांवर येऊन थांबली.

या आराखड्याची खरी परीक्षा १३ डिसेंबर १९३९ च्या सकाळी दक्षिण अमेरिकेतल्या प्लेट नदीच्या मुखाबाहेर झाली. कॅप्टन हान्स लांग्सडोर्फ यांच्या 'ग्राफ श्पे'ने तोवर दक्षिण अटलांटिक आणि हिंदी महासागरात नऊ व्यापारी जहाजे बुडवली होती, त्यांवरचा एकही खलाशी न मारता. ब्रिटिश कमोडोर हेन्री हारवुड यांच्याकडे तीन क्रूझर होत्या. 'एक्सेटर'च्या सहा २०.३ सेंमी तोफा (तीही काटकसरीचेच अपत्य, तिच्या मोठ्या बहिणींवर आठ असत), 'एजॅक्स' आणि 'अकिलिस' यांच्या प्रत्येकी आठ १५.२ सेंमी. तिघींची मिळून एक फैर भरते सुमारे १,५०० किलो. एकट्या 'ग्राफ श्पे'च्या मोठ्या तोफांचीच १,८००. कागदावर सामना तिचा होता.

हारवुड यांनी तिघींना दोन बाजूंना फोडले. 'एक्सेटर' एकीकडून, हलक्या दोघी दुसरीकडून. आता दोन बुरूज आणि लक्ष्ये तीन. लांग्सडोर्फ यांनी तोफा आधी 'एक्सेटर'वर धरल्या, मग हलक्या क्रूझरांवर, मग पुन्हा 'एक्सेटर'वर. प्रत्येक वेळी लक्ष्य बदलले की फवारे मोजून अंतर जुळवण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीलाच आणखी एक चूक झाली होती : समोर एक क्रूझर आणि दोन विनाशिका आहेत असे समजून त्यांनी अंतर स्वतःच कमी केले. त्यांच्या तोफांचा पल्ला ३६ किलोमीटरचा, तोच या जहाजाचा सर्वांत मोठा फायदा, आणि तो त्यांनी पहिल्या काही मिनिटांत घालवला.

२८ सेंमीच्या गोळ्याने काय होते ते 'एक्सेटर'वर दिसले. तिचा दुसरा बुरूज पाच मिनिटांतच बंद पडला आणि त्याच्या ठिकऱ्यांनी चालनकक्षातली बहुतेक माणसे मारली. कॅप्टन बेल मागच्या बाजूला गेले आणि होडीतले साधे होकायंत्र हातात घेऊन, खलाशांच्या रांगेतून तोंडोतोंडी आज्ञा पोहोचवत जहाज चालवू लागले. अखेर तिन्ही बुरूज गप्प झाले. ६१ जण मेले. तरी ती बुडाली नाही. उलट तिचा एक गोळा 'ग्राफ श्पे'च्या आत शिरून फुटला आणि डिझेल शुद्ध करणारी यंत्रणा निकामी झाली. स्वयंपाकघरही गेले. ज्या इंजिनांसाठी एवढा आटापिटा केला, त्यांचेच इंधन आता धोक्यात होते. तिचे ३६ जण कामी आले, ४१४ मोठे गोळे संपले, आणि बुडाले कोणीच नव्हते. डागडुजीसाठी ती माँटेव्हिडिओच्या तटस्थ बंदरात शिरली. बाहेर मोठी ब्रिटिश जहाजे येऊन थांबली आहेत अशा समजुतीने १७ डिसेंबरला लांग्सडोर्फ यांनी तिला स्वतःच उडवले, आणि तीन दिवसांत ब्वेनोस आयरेसमध्ये स्वतःला गोळी घातली.

व्यापारी जहाजांच्या ताफ्यांपुढे मात्र हाच आराखडा भीषण ठरला. ५ नोव्हेंबर १९४० रोजी 'शेअर'ने ३७ जहाजांचा ताफा गाठला, तेव्हा संरक्षणाला जुन्या १५ सेंमी तोफा लावलेले 'जर्विस बे' हे प्रवासी जहाज तेवढे होते. ते मुद्दाम पुढे गेले आणि बुडाले. त्या वेळात ताफा पांगला. 'शेअर'च्या हाती पाचच जहाजे लागली. त्याच वर्षी जर्मन नौदलाने उरलेल्या दोघींना जड क्रूझर असे नाव दिले. 'डॉइचलांड'चे नाव तर बदलून 'ल्युत्सोव' करण्यात आले; देशाच्या नावाचे जहाज बुडाले तर, ही भीती. १९४५ च्या एप्रिलमध्ये दोघीही विमानांच्या बॉम्बनी गेल्या.

सयामच्या 'थोनबुरी'ची कथा यापेक्षा आटोपशीर. जपानमध्ये बांधलेले २,२६५ टनांचे जहाज, चार २०.३ सेंमी तोफा, १५ नॉट. १७ जानेवारी १९४१ रोजी को चांग बेटाजवळ फ्रान्सच्या 'लामोत-पिके' या वेगवान, लहान तोफांच्या क्रूझरने तिला गाठले आणि काही तासांत ती उथळ पाण्यात टेकली.

प्लेट नदीवर न्यूझीलंडच्या नौदल विभागाकडून लढलेली 'अकिलिस' पुढे भारताकडे आली. १९४८ मध्ये ती विकत घेऊन तिचे नाव 'दिल्ली' ठेवण्यात आले. १९५६ मध्ये त्या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला तेव्हा तिने त्यात स्वतःचीच भूमिका केली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत तिच्या १५.२ सेंमी तोफांनी दीववर मारा केला. ३० जून १९७८ रोजी मुंबईत ती सेवेतून निवृत्त झाली. तिचा एक तोफबुरूज भारताने न्यूझीलंडला परत दिला. तो ऑकलंडजवळच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर उभा आहे.