तर्कशास्त्र व चिकित्सक विचार : महाविद्यालयीन अध्यापन

युक्तिवाद ओळखणे, तो तपासणे आणि स्वतः रचणे यांचे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या कला शाखेत ‘तर्कशास्त्र’ हा ऐच्छिक विषय असतो. पुढे पदवीला तो तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात येतो. ‘चिकित्सक विचार’ हे नाव मात्र अलीकडे रुळले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्यावर भर आहे.

शिक्षकाची पहिली झटापट होते ती शब्दांशी. रोजच्या मराठीत ‘तर्क’ म्हणजे अंदाज, आणि ‘तर्कट’ तर थेट दूषणच. चिकित्सक माणूस म्हटले की खाण्यापिण्यात खोड्या काढणारा डोळ्यांपुढे येतो. न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कपरंपरेने, चर्चेचे तीन प्रकार मानले : सत्य कळावे म्हणून केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता नुसते खंडन करणारी वितंडा. यांपैकी ‘वादा’ला मराठीत भांडणाची कळा आली, वितंडवाद जसाच्या तसा टिकला, आणि पोथीत पडून असलेला जल्प समाजमाध्यमांवरचा ‘जल्पक’ (ट्रोल) होऊन वर्तमानपत्रांत परतला.

अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे सत्यता आणि युक्तता यांतला भेद. सत्यता विधानाची, युक्तता युक्तिवादाची : आधारविधाने सत्य मानली की निष्कर्ष सत्य मानणे भागच पडत असेल, तर युक्तिवाद युक्त. ‘सर्व पक्षी उडतात; शहामृग पक्षी आहे; म्हणून शहामृग उडतो’ हा युक्तिवाद युक्त आहे; खोटे आहे ते पहिले आधारविधान. उलट ‘सर्व आंबे फळे आहेत, हापूस फळ आहे, म्हणून हापूस आंबा आहे’ यातली तिन्ही विधाने सत्य असूनही युक्तिवाद अयुक्त. हापूसच्या जागी केळे ठेवले की बिंग फुटते. हा भेद वर्गाला एकदा पटला की सत्यता कोष्टके (विधाने सत्य-असत्य असण्याच्या सर्व शक्यतांचे तक्ते) आणि तर्कदोषांची वर्गवारी हे त्यामानाने सोपे काम असते. दुर्दैवाने परीक्षेत गुण मिळतात ते बहुधा या सोप्या कामालाच.

युक्तिवादांचे नुसते आकार, म्हणजे आशय बाजूला ठेवून उरणारी रचना, शिकवून विचार सुधारतो का, हा या विषयातला खरा वादाचा मुद्दा. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली चार पत्त्यांचे एक कोडे मांडले. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर आणि दुसरीवर अंक. वर दिसतात ई, के, ४ आणि ७. ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसरीकडे सम अंक असतो’ हा नियम तपासायला कोणते पत्ते उलटावेत? उत्तर ई आणि ७, कारण ईमागे विषम अंक किंवा ७मागे स्वर निघाला तरच नियम मोडतो. बरेच जण ४ उलटतात; पण त्यामागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही. बरोबर उत्तर देणारे साधारण दहात एक. हेच कोडे ‘बिअर पिणाऱ्याचे वय ठरावीक मर्यादेच्या वर हवे’ अशा रूपात घातले की बहुतेकांना सुटते. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया चेंग आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर तर्कशास्त्राचे एक पूर्ण सत्र शिकूनही विद्यार्थ्यांच्या अशा उत्तरांत नगण्य फरक पडलेला दिसला.

शिक्षणतत्त्वज्ञ जॉन मॅकपेक यांनी १९८१ मध्ये टोकाची भूमिका घेतली : विचार नेहमी कशाचा तरी असतो, त्यामुळे चिकित्सा ज्या-त्या विषयातच शिकवावी. चिकित्सक विचाराचे अभ्यासक रॉबर्ट एनिस यांना हे मान्य नव्हते. ११७ अभ्यासांच्या २००८ मधील एकत्रित विश्लेषणात सर्वांत जास्त परिणाम दिसला तो मिश्र पद्धतीचा, म्हणजे विचाराचा स्वतंत्र धडाही आणि विषयातला वापरही. तत्त्वे उघड न सांगता नुसत्या विषयशिक्षणातून ती आपोआप उतरतील, ही आशा सर्वांत कमी फळाला आली.

आपल्या परंपरेत आकाराला आशयाचा आधार पहिल्यापासून आहे. नैयायिकांच्या (न्यायदर्शनाच्या अभ्यासकांच्या) अनुमानात प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते प्रस्तुत ठिकाणी लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) या पाच अवयवांत उदाहरणाला हक्काची जागा आहे : जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. उलटे चालत नाही, हे दाखवायला तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दाखला ठरलेला. तिथे अग्नी आहे, धूर नाही. वेसनच्या कोड्यात ४ उलटणारा विद्यार्थी नियम असाच उलटा वाचत असतो. त्याला सत्यता कोष्टकाआधी हा गोळा दाखवावा.

मराठीतून शिकवणाऱ्याच्या हाती आणखी एक साधन असते, ते म्हणजे ‘च’. ‘अभ्यास केलास तर मोबाइल मिळेल’ आणि ‘केलास तरच मिळेल’ ही दोन वेगळी विधाने. आई म्हणते पहिले, मुलाला ऐकू येते दुसरे, आणि बहुधा आईच्या मनातही दुसरेच असते. पूर्वांग (‘तर’च्या आधीचा भाग) आणि उत्तरांग (नंतरचा भाग) यांची अदलाबदल शिकवायला याहून जवळचे उदाहरण नाही. ‘चहा घेणार की कॉफी?’ मधला ‘की’ एकच निवडायला लावतो. अर्जावरच्या ‘आधार किंवा पॅन’मधला ‘किंवा’ दोन्ही देणाऱ्याला अडवत नाही. हजेरीच्या वेळी ‘सगळे आले नाहीत’ असे कोणी म्हणाले, तर एकही आला नाही की काही जण राहिले? ही दोन वाचने फळ्यावर शेजारी शेजारी चिन्हांत मांडली की नकाराची जागा बदलल्याने काय होते ते मागच्या बाकालाही दिसते.