‘वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं’ हे खरं नाही

शिक्षक प्रशिक्षणात स्मार्ट टीव्हीचं महत्त्व पटवताना हमखास एक त्रिकोण दाखवला जातो : वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20, पाहिलेलं 30 आणि स्वतः केलेलं 90 टक्के लक्षात राहतं. खाली नाव असतं एडगर डेल यांचं.

या अमेरिकी प्राध्यापकांनी 1946 मध्ये ‘अनुभवांचा शंकू’ मांडला, हे खरं. पण त्यात एकही टक्केवारी नव्हती. प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांपर्यंतची ती नुसती मांडणी होती, आणि ती फार शब्दशः घेऊ नका, असं डेल स्वतःच सांगत. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. त्यांच्यामागचं मूळ संशोधन आजवर कुणालाही दाखवता आलेलं नाही. शिवाय कुठला धडा, कुठल्या वयाची मुलं, किती दिवसांनी विचारलं, यातलं काहीच न सांगता आलेले असे गोल आकडे शिक्षकांनी तरी का मानावेत?

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग पाहा. विद्यार्थ्यांनी उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्यांना 42 टक्के आठवलं, दुसऱ्यांना 56. दोघांनीही वाचलंच होतं!

म्हणून प्रकाशसंश्लेषणाचा व्हिडिओ जरूर लावा, पण मध्येच थांबवा, पडदा बंद करा आणि ‘आता पानात काय काय गेलं?’ हे मुलांना वहीत लिहू द्या. टीव्ही नसलेल्या वर्गात हेच फळ्यावरच्या आकृतीने करता येतं.