कच्च्या कैद्याचे कपडे: पार्श्वभूमी

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात तारखेला आणलेले कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे कैदी, घरच्याच कपड्यांत असतात, म्हणून आरोपीला तुरुंगाच्या कपड्यांत कोर्टापुढे उभं करावं का, हा प्रश्न आपल्याकडचा नाही असं अनेकांना वाटतं. घरच्या कपड्यांची मुभा जुनी आहे हे खरं. १८९४च्या तुरुंग कायद्यातल्या कलम ३१ ने शिक्षा न झालेल्या कैद्याला जेवण, कपडे, अंथरूण बाहेरून मागवू दिलं. ज्याची ऐपत नाही त्याला तुरुंगाने कपडे पुरवावेत, असं कलम ३३ सांगतं. मधलं कलम ३२ मात्र फारसं कुणी वाचत नाही. त्यानुसार कच्च्या कैद्याने आपले कपडे दुसऱ्या कैद्याला द्यायचे नाहीत, भाड्याने किंवा विकतही नाहीत. शेजारच्याचा धुतलेला शर्ट तारखेपुरता घालणंसुद्धा नियमाबाहेर. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून भाडं खर्चून तुरुंगात भेटायला येणारं ज्याचं कुणी नाही, त्याने करायचं काय?

कपड्यावरून माणूस ठरवला जाणं सोलापूरला नवं नाही. १९३०च्या मार्शल लॉमध्ये डोक्यावरची गांधी टोपीही संशयाला पुरत होती. त्या काळच्या चार हुतात्म्यांच्या, म्हणजे शहरातल्या चार पुतळ्यांचा इतिहास इथे पुन्हा सांगायला नको.

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला निकाल अमेरिकेतला, १९७६चा. टेक्सासमधल्या एका आरोपीला जामिनाचे पैसे भरता आले नाहीत, म्हणून तो खटला होईपर्यंत तुरुंगात राहिला. खटल्याच्या दिवशी त्याने तुरुंगाच्या कर्मचाऱ्याकडे स्वतःचे कपडे मागितले. ते नाकारले गेले. पांढरा टी-शर्ट, ढगळ पांढरी विजार, पायात साध्या चपला आणि पाठीवर व पायांवर ठसठशीत छापलेलं तुरुंगाचं नाव, अशा वेषात तो ज्युरीपुढे बसला. ज्युरीने त्याला दोषी ठरवलं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व मान्य केलं: आरोपीला तुरुंगाच्या कपड्यांत खटला चालवून घ्यायला सरकार भाग पाडू शकत नाही. ही सक्ती फक्त जामीन न परवडणाऱ्यांच्याच वाट्याला येते, हेही निकालात नोंदवलं आहे. तरीही दोषसिद्धी कायम राहिली. कारण आरोपीने किंवा त्याच्या वकिलाने न्यायाधीशांपुढे हरकत घेतली नव्हती, आणि हरकत नाही म्हणजे सक्ती नाही. काही आरोपी सहानुभूतीसाठी मुद्दाम तसेच कपडे घालून येतात, असंही कारण बहुमताने दिलं. दोन न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवलं: जो हक्क माणसाला ठाऊकच नाही, तो गप्प राहून त्याने सोडला असं कसं म्हणायचं? मला हेच मत पटतं. त्याने कपडे मागितले होते. फक्त ज्याच्याकडे मागितले तो न्यायाधीश नव्हता. तुरुंगातल्या माणसाला आधी भेटतो तो पहारेकरीच.

आपल्याकडे ज्युरी नाही आणि न्यायाधीश पेहरावाने प्रभावित होत नाहीत, असं उत्तर यावर मिळतं. पण साक्षीदाराचं काय? ‘आरोपी कोर्टात हजर आहे का?’ असं विचारल्यावर तो पिंजऱ्याकडे बघून बोट दाखवतो. तिथे एकजण तुरुंगाच्या पांढऱ्या कपड्यांत असेल, तर ओळखायला उरतं काय? असं घडू शकतं. एका प्रकरणात शिक्षा भोगणारा पक्का कैदी दुसऱ्या प्रकरणात अजून आरोपीच असतो, पण शिक्षा चालू असल्याने कलम ३१ ची मुभा त्याला लागत नाही. या दुहेरी कैद्याचा विचार जुन्या कायद्याने केलेलाच नाही.

भारतात खरा वाद झाला तो बेड्यांवरून. उच्चभ्रू कैद्यांना बेडी नाही आणि सामान्यांना आहे, असा भेद करणारे पोलीस नियम १९८०मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. बेडी हा अपवाद असावा, आणि घालायची वेळ आली तर कारण लिहून ठेवावं, असंही सांगितलं. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम ४३ ने ठरावीक गंभीर गुन्ह्यांत अटकेच्या वेळी आणि न्यायालयात हजर करतानाही बेडीची परवानगी दिली. यादीत खून आहे, बलात्कार आहे, सराईत गुन्हेगार आहेत. म्हणजे कपडे घरचे आणि हातात बेडी, असं दृश्य कायदेशीरपणे परत येऊ शकतं.

आता बऱ्याच तारखा तुरुंगातूनच व्हिडिओवर होतात आणि पडद्यावर आरोपी जेमतेम छातीपर्यंत दिसतो. साक्षी नोंदवायच्या टप्प्यावर मात्र हा प्रश्न उरतोच. म्हणून साक्षींच्या आधीच, आरोप निश्चितीच्या दिवशी, न्यायाधीशांनी स्वतःहून ‘घरचे कपडे आहेत का?’ असं विचारून रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) तसं लिहावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.