दादासाहेब फाळके यांच्यावरील चित्रपट

भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके (३० एप्रिल १८७० – १६ फेब्रुवारी १९४४) यांचे जीवन, त्यांची कामाची रीत आणि त्यांच्या मागे उरलेला ठेवा यांवर बनलेले कथापट व माहितीपट. संख्येने ते थोडेच आहेत. त्र्यंबकेश्वरचा जन्म, मुंबईचे जे. जे. कलाशाळेतले व बडोद्याच्या कलाभवनातले शिक्षण, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, मग सिनेमा, मध्येच काशी, पुन्हा सिनेमा आणि शेवटी नाशिकातले दुर्लक्षित म्हातारपण असा हा पसारा. एका चित्रपटात तो मावत नाही, म्हणून प्रत्येकाने त्यातला एखादाच तुकडा उचललेला दिसतो.

फाळके यांच्यावरचा पहिला चित्रपट खुद्द फाळके यांनीच काढला. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा १९१७ चा लघुपट आज तुकड्यांच्या रूपातच उरला आहे. त्यात ते नटांकडून काम करवून घेताना आणि फिल्मवर संस्कार करताना दिसतात. पडद्यामागची कृती पडद्यावर उघड करण्याचा मोह त्यांना सुरुवातीपासून होता. हातचलाखी करणाऱ्याने आपली युक्ती स्वतःच सांगून टाकावी, तसा हा प्रकार. ‘कालिया मर्दन’च्या (१९१९) आरंभीही त्यांची मुलगी मंदाकिनी आधी मंदाकिनी म्हणूनच प्रेक्षकांसमोर येते, चेहऱ्यावरचे भाव बदलून दाखवते आणि मग कृष्ण होते. पुढच्या चरित्रपटकारांना फाळके चालताबोलताना कसे दिसत याचा पुरावा मिळतो तो अशाच तुकड्यांतून.

दुसरा आधार त्यांच्या लेखणीचा. ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ मध्ये त्यांनी ‘भारतीय चित्रपट’ ही लेखमाला लिहिली. गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या कशी उभी राहिली, हे त्यात त्यांनी स्वतः सांगितले आहे. विम्याच्या पॉलिसीवर काढलेले कर्ज, डोळ्यांचे दुखणे, १९१२ ची लंडनवारी, विल्यमसन कॅमेरा, कुंडीतल्या रोपाची वाढ चित्रित करून सावकाराला पटवणे हे सगळे प्रसंग पुढे चरित्रांतून आणि तिथून पटकथेत आले. ते नाट्यमय वाटतात, कारण सांगणाराही नाटकी होता. चरित्रपट पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

हरिश्चंद्राची फॅक्टरी. या विषयावरचा सर्वांत परिचित कथापट. रंगभूमीवरून आलेल्या परेश मोकाशी यांचा हा पहिलाच चित्रपट. बापू वाटवे यांनी लिहिलेले फाळकेचरित्र वाचून त्यांना तो सुचला. नंदू माधव यांनी फाळके आणि विभावरी देशपांडे यांनी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रंगवल्या. संगीत आनंद मोडक यांचे आहे. २००८ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. ‘श्वास’नंतर भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवलेला तो दुसरा मराठी चित्रपट. चित्रपटगृहांत तो जानेवारी २०१० मध्ये आला.

नावामागे एक किस्सा आहे. सिनेमात काम करणे तेव्हा कमीपणाचे समजले जाई. म्हणून फाळके आपल्या मंडळींना सांगत की कुणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ कामाला आहोत असे सांगा. मोकाशी यांनी चरित्रपटाचा नेहमीचा गंभीर सूर टाळून हाच मिस्कीलपणा चित्रपटभर ठेवला. घरातले सामान विकले जाते, शेजारीपाजारी वेड्यात काढतात, बायकांची कामे करायला बाई मिळत नाही. तरी कुणी कपाळाला हात लावून बसत नाही. तारामतीच्या भूमिकेसाठी शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके सापडतात. (हेच साळुंके पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले.) हा हलका सूर काहींना फार गोड वाटला. त्यात तथ्य आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ हा फाळक्यांचा पहिला कथापट लागेपर्यंतची ओढाताण चित्रपट मजेत दाखवतो. पुढची पडझड मात्र त्याने आपल्या कक्षेबाहेरच ठेवली आहे.

चित्रपटाची खरी मिळकत सरस्वतीबाई. फाळके यांच्या पहिल्या चमूचा स्वयंपाक त्या करत, फिल्मला छिद्रे पाडणे आणि ती धुणे शिकल्या होत्या, चित्रीकरणात उजेडासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत. भारतीय सिनेमातल्या पहिल्या तंत्रज्ञांमध्ये त्यांना गणायला हवे. ‘पतीला साथ देणारी पत्नी’ एवढ्यावर त्यांची बोळवण न करता चित्रपटाने त्यांना कामात भागीदार म्हणून दाखवले आहे.

रंगभूमी. कमल स्वरूप यांचा फिल्म्स डिव्हिजननिर्मित माहितीपट (२०१३). सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीतल्या भागीदारांशी खटके उडाल्यावर फाळके सिनेमा सोडून काशीला जाऊन राहिले. तिथे त्यांनी समकालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. स्वरूप यांचा माहितीपट या काशीवासाच्या खुणा शोधत बनारसमध्ये फिरतो. त्यात कालक्रमाने सांगितलेले चरित्र शोधायला गेल्यास हाती फारसे लागत नाही. ज्याने सिनेमाकडे पाठ फिरवली त्या फाळक्यांचा हा शोध आहे, आणि असा शोध घेणारा हा एकच महत्त्वाचा चित्रपट. स्वरूप अनेक वर्षे फाळके यांच्या मागावर होते. ‘ट्रेसिंग फाळके’ हे त्यांचे पुस्तकही त्याच ध्यासातून आले.

सेल्युलॉइड मॅन. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा हा माहितीपट (२०१२) पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांच्यावरचा. फाळके यांच्या उरलेल्या चित्रपटांची रिळे मिळवून जपण्याचे श्रेय नायर यांच्याकडे जाते, म्हणून फाळक्यांच्या वारशासंबंधीच्या चित्रपटांत त्याची गणना करावी लागते. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे उपलब्ध आहे. ही रिळे १९१३ च्या मूळ चित्रपटाची की फाळके यांनीच १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

मल्याळम चित्रपटाचे जनक जे. सी. डॅनियल यांच्यावरचा, मल्याळम दिग्दर्शक कमल यांचा ‘सेल्युलॉइड’ (२०१३) हा कथापट शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. तिथे पहिली नायिका पी. के. रोझी दलित असल्यामुळे तिच्यावर झालेला हल्ला आणि डॅनियल यांची विस्मृती हाच कथेचा कणा आहे. फाळक्यांच्या वाट्यालाही अखेरची उपेक्षा आली. ‘गंगावतरण’ (१९३७) हा कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला बोलपट त्यांचा शेवटचा ठरला आणि पुढची वर्षे नाशिकात तंगीत गेली. त्या काळावर अजून कुणी मोठा कथापट केलेला नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये एस. एस. राजामौली यांनी ‘मेड इन इंडिया’ हा भारतीय सिनेमाच्या जन्मावरचा चित्रपट सादर करत असल्याचे जाहीर केले. त्याचे दिग्दर्शन नितीन कक्कर यांच्याकडे असल्याचे सांगण्यात आले. मे २०२५ मध्ये राजकुमार हिराणी आणि आमिर खान यांच्या फाळके-चरित्रपटाचीही घोषणा झाली.