प्रसरण, औष्णिक (भट्टीतील नळ्यांचे)

औद्योगिक भट्टीतील नळी तापल्यावर किती लांबेल याचा आधी बांधलेला हिशेब. मूळ लांबी, तापमानातील वाढ आणि धातूचा रेखीय प्रसरण गुणांक (दर मीटरला, दर अंशाला होणारी लांबीची वाढ) यांचा गुणाकार म्हणजे ही वाढ. कोल्हापूर परिसरात हा हिशेब मुख्यतः शिरोली व गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतील उष्णतासंस्करण भट्ट्यांच्या रेडिअंट ट्यूबसाठी (आतून तापून भट्टीत उष्णता प्रारित करणाऱ्या नळ्यांसाठी) आणि साखर कारखान्यांच्या बॉयलरसाठी करावा लागतो.

कांबीची वाढ दंतचक्रांनी मोठी करून दाखविणाऱ्या उपकरणाचे वर्णन डच शास्त्रज्ञ पीटर व्हान मुसेनब्रूक यांनी १७३१ च्या सुमारास केले व त्याला ‘पायरोमीटर’ म्हटले. आज या शब्दाचा अर्थ उच्च तापमापक असा होतो. इंग्रज कुंभकार जोसाया वेजवुड यांचा १७८२ चा पायरोमीटर मात्र भाजलेल्या मातीच्या आकुंचनावर चालणारा होता, म्हणून आद्यत्वाबद्दल मतभेद आढळतात. प्रसरणमापन हा निकष धरल्यास मुसेनब्रूक यांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो; वेजवुड यांच्या तापमानांचे आकडे तर पुढे फारच फुगलेले ठरले. तापमानाबरोबर गुणांकही वाढतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ द्यूलाँ व पेती यांनी १८१८ च्या सुमारास दाखविले. भट्टीच्या हिशेबाचा खरा पाया हाच.

चूक बहुधा याच जागी होते. कोष्टकांतील गुणांक सहसा ‘सरासरी’ असतो, म्हणजे सुमारे २०° से. पासून दिलेल्या तापमानापर्यंतचा. त्या तापमानावरील तात्कालिक गुणांक त्याहून मोठा असतो. २५ टक्के क्रोमियम व २० टक्के निकेल असलेल्या पोलादाचा १००° से. पर्यंतचा सरासरी गुणांक मीटरला, दर अंशाला सुमारे १६ मायक्रोमीटर, तर ९००° से. पर्यंतचा १८ किंवा थोडा अधिक येतो. २ मीटरची नळी ३०° वरून ९००° से. ला नेल्यास पहिल्या आकड्याने वाढ २८ मिमी., दुसऱ्याने ३१ मिमी. निघते. उलट, तात्कालिक आकडा सबंध पल्ल्याला लावला तर वाढ फुगते. साध्या कार्बन पोलादात ७२७° से. पासून स्फटिकरचना बदलू लागते व धातू काही काळ आकसतो. तेथे एकच गुणांक धरून चालत नाही.

नळी दोन्ही टोकांना जखडली, तर साध्या पोलादात दर अंशाला सुमारे २.४ मेगापास्कल दाब-प्रतिबल साचते. १००° वाढीलाच ते २४० होते, आणि सौम्य पोलादाची नती-मर्यादा (ज्यापुढे धातू कायमचा विकृत होतो ते प्रतिबल) साधारण २५० आहे. म्हणून एक टोक मोकळे ठेवतात.

नळी सर्व बाजूंनी सारखी तापत नाही, हेही धरावे लागते. १०० मिमी. व्यासाच्या, दोन्ही टोकांवर टेकलेल्या, वर सांगितलेल्या २ मीटरच्या नळीच्या समोरासमोरच्या बाजूंत ५०° चा फरक असेल, तर ती मध्यभागी साडेचार मिमी. वाकते. दीर्घकाळ तापून व स्वतःच्या वजनाने आलेले कायमचे लांबणे ही विसर्पणाची बाब आहे; थंड नळीची लांबी दर बंदीत मोजल्यास ते वेगळे ओळखता येते.

वरून टांगलेल्या बॉयलरमध्ये नळ्या खाली वाढतात. १० मीटरची कार्बन पोलादी नळी ३०° वरून २८०° से. ला गेल्यास सुमारे ३२ मिमी. उतरते. गळीत हंगामाच्या आरंभी, अग्निप्रदीपनानंतर बॉयलर हळूहळू तापविताना प्रसरण-दर्शकाचा काटा पाहतात. तो एखाद्या कोपऱ्यात अडून राहिला, तर तिथे आधार किंवा वीटकाम नळीला अडवत असण्याचा संभव असतो.