बृहद्‌रंध्री झिओलाइटांचे स्थिरीकरण

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचा सूक्ष्म छिद्रे असलेला स्फटिक. त्याचा सांगाडा चतुष्फलकांचा (सिलिकॉन वा ॲल्युमिनियमभोवती चार ऑक्सिजन) असतो. ज्या झिओलाइटांच्या छिद्रांचे तोंड बारा चतुष्फलकांच्या कड्याने बनते त्यांना बृहद्‌रंध्री म्हणतात. फॉजासाइट (त्याचे एक्स व वाय हे प्रकार), बीटा आणि मॉर्डेनाइट हे त्यांतील प्रमुख. वायचे छिद्र सु. ७.४ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) रुंद असते. जड खनिज तेलाच्या भंजनात (मोठे रेणू फोडून लहान करण्यात) हा गट १९६० च्या दशकापासून वापरात आहे.

संश्लेषित वायमध्ये सिलिकॉन-ॲल्युमिनियम गुणोत्तर साधारण २.५ असते. ॲल्युमिनियम इतके असले की तप्त वाफेत सांगाडा ढासळतो. संश्लेषणातले सोडियम उरले असेल तर आणखी लवकर. अमोनियम लवणाच्या विद्रावाने सोडियम काढतात (या आयनांच्या अदलाबदलीला विनिमय म्हणतात), पण लहान सोडालाइट पिंजऱ्यांतले (सांगाड्यातील छोट्या पोकळ्यांतले) सोडियम पहिल्या विनिमयात मागे राहते व चूर्ण एकदा भाजल्यावरच सुटते. म्हणून विनिमय दोनदा करावा लागतो.

‘अतिस्थिर वाय’चे (तप्त वाफेतही टिकणाऱ्या वायचे) श्रेय सामान्यतः मॅकडॅनियल व माहेर यांना देतात (१९६७-६८ च्या सुमारास). स्थिरता नेमकी कशाने येते, हा वाद मात्र पुढे बराच चालला. जी. टी. कर यांचे निरीक्षण येथे निर्णायक वाटते. तेच अमोनियम-वाय (सोडियमऐवजी अमोनियम असलेले वाय) पातळ पसरून तापवले तर अस्थिर पदार्थ मिळतो, जाड थरात तापवले तर स्थिर. जाड थरात सुटलेली वाफ चूर्णातच कोंडते, ॲल्युमिनियम सांगाड्यातून बाहेर काढते आणि त्या जागी चार हायड्रॉक्सिल गटांचे कोंडाळे उरते. पुढे ती पोकळी सिलिकॉन भरून काढते. हे सिलिकॉन स्फटिकाचाच काही भाग मोडून येते, हे मत अधिक ग्राह्य दिसते. कारण वाफाळलेल्या वायमध्ये मध्यम आकाराची नवी रंध्रे आढळतात. क्लिनोव्स्की, टॉमस, फाइफ व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये सिलिकॉन-२९ च्या चुंबकीय अनुस्पंदनाने (अणुकेंद्रांचा चुंबकीय प्रतिसाद मोजणाऱ्या तंत्राने) पुनर्भरणाला भक्कम आधार दिला. एकक कोशिकाही (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा मूळ घटक) आक्रसते : सु. २४.७ अँगस्ट्रॉमवरून २४.३ च्या आसपास. बाहेर पडलेले ॲल्युमिनियम छिद्रांतच साचते. थोडे असता ते अम्लता वाढवते आणि फार झाले की वाट अडवते, असे मानणे सयुक्तिक आहे.

वाफेविना ॲल्युमिनियमची सिलिकॉनशी थेट अदलाबदल करण्यासाठी बेयर व बेलेनिकाया यांनी सिलिकॉन टेट्राक्लोराइडाची बाष्पे वापरली (१९८०). स्कील्स व ब्रेक यांची अमोनियम हेक्झाफ्ल्युओरोसिलिकेटाची पद्धत विद्रावात चालते. लँथॅनमसारख्या विरल मृत्तिका (धातूंचा एक गट) घालण्यामागचा विचार याच्या उलट आहे : ॲल्युमिनियम काढायचे नाही, जागीच धरून ठेवायचे.

बाराहून मोठ्या कड्यांपैकी व्हीपीआय-५ (१९८८, अठरा चतुष्फलकांचे कडे) हे ॲल्युमिनोफॉस्फेट (सिलिकॉनऐवजी फॉस्फरस असलेले) आहे, तर आयटीक्यू-३३ (२००६, अठरा) मध्ये जर्मेनियम आहे. जर्मेनियमयुक्त सांगाडे पाण्यापुढे सहसा टिकत नाहीत.